आधी जागा, मग आजार: मज्जासंस्था समजून घेताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६४ वर्षांचे, डायबेटिस जुना, मेटफॉर्मिनच्या गोळ्या सुरू. दोन्ही तळपायांना मुंग्या येतात, रात्री आग होते. गेल्या काही महिन्यांपासून डाव्या हाताची करंगळीही बधिर झाली आहे. एका डॉक्टरांनी मानेचा एमआरआय सांगितला, दुसऱ्यांनी एनसीव्ही, म्हणजे नसेतल्या संदेशाचा वेग मोजणारी तपासणी. आईला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू आणि बोलणं गेलं, तेव्हा मात्र सगळ्यांत आधी डोक्याचा सीटी स्कॅन झाला. हे सगळं नसांचंच दुखणं असेल तर प्रत्येक वेळी वेगळी तपासणी का, आणि मज्जासंस्था असते तरी कशी, हे तुम्हाला समजून घ्यायचं आहे.

आमच्या, म्हणजे मेंदू आणि नसांच्या आजारांच्या, शाखेत आधी बिघाडाची जागा ठरवतात आणि मग आजाराचं नाव शोधतात. जागा ठरवायला यंत्र लागतंच असं नाही. बधिरपणा नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो, एका बाजूला आहे की दोन्ही, स्नायू ताठर आहे की ढिला, या चार-पाच गोष्टींवरून जागा बहुतेक वेळा कळते. तपासणी त्यानंतर, त्या जागेची करायची. त्यामुळे मज्जासंस्थेची रचना मी तुम्हाला तुमच्या आईवडिलांच्या लक्षणांमधूनच सांगतो. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा ती अशी जास्त लक्षात राहते.

मोठे भाग दोन. मेंदू आणि मज्जारज्जू मिळून केंद्रीय मज्जासंस्था. त्यांच्यातून बाहेर पडून डोळ्या-कानांपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचणाऱ्या नसा म्हणजे परिघीय मज्जासंस्था. मेंदूतून थेट निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्या आणि मज्जारज्जूतून निघणाऱ्या ३१. मेंदूचं वजन साधारण १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या जेमतेम २ टक्के. पण विश्रांतीच्या वेळी शरीर जेवढा ऑक्सिजन वापरतं त्यातला सुमारे २० टक्के एकटा मेंदू घेतो. साठा त्याच्याकडे जवळपास नसतोच. रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांत पेशी मरू लागतात, ते यामुळेच.

आता आईपासून सुरुवात करू. मोठा मेंदू डाव्या आणि उजव्या अर्ध्या भागांत विभागलेला असतो. हालचालीचा हुकूम मेंदूच्या पृष्ठभागावरच्या एका पट्ट्यातून निघतो, आणि खाली उतरताना मेंदूच्या देठाच्या शेवटच्या टोकाला, लंबमज्जेत, त्यातले बहुतेक तंतू विरुद्ध बाजूला जातात. म्हणून डाव्या मेंदूला इजा झाली की उजवा हात-पाय लुळा पडतो. आणि बोलणं? १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनने एका रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या माणसाला ‘टॅन’ एवढाच उच्चार करता येई, पण दुसऱ्याचं बोलणं बरंचसं समजे. इजा सापडली ती डाव्या मेंदूच्या पुढच्या भागात. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक सगळ्यांची भाषा डाव्या अर्ध्या भागातच असते. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली, एवढं ऐकूनच आम्ही डाव्या मधल्या मस्तिष्क-धमनीकडे बोट दाखवतो.

त्या पट्ट्यावर शरीराचा प्रत्येक भाग ठरावीक जागी असतो. मेंदूचा सर्जन वाइल्डर पेनफिल्डने मॉन्ट्रियलमध्ये, जागं ठेवून केलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियांमध्ये विजेचा सौम्य प्रवाह देऊन हा नकाशा तयार केला. चेहरा आणि हात बाहेरच्या अंगाला, पाय आतल्या अंगाला, दोन्ही अर्धे भाग समोरासमोर येतात तिथे. मधली धमनी बाहेरच्या अंगाला रक्त देते. आईचा पाय लवकर सुधारला असेल, त्या आधार घेऊन चालत असतील, पण हात अजून मिटलेलाच असेल, तर त्याचं कारण हेच आहे. व्यायामात कसूर झाली म्हणून असं झालं, असा दोष कुणी स्वतःला किंवा त्यांना देऊ नये.

बोलण्याबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. शब्द फुटत नाही म्हणजे समजत नाही असं नाही. माझ्या ओपीडीत नातेवाईक रुग्णाच्या देखत ‘यांना आता काही कळत नाही’ असं सहज बोलून जातात, आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. ज्यांना पाणी मागता येत नाही अशांपैकी काही जण रोजची आरती मात्र सुरात म्हणतात, वार आणि आकडे ओळीने म्हणून दाखवतात. वर्षानुवर्षं पाठ असलेलं, सुरातलं बोलणं मेंदूत केवळ त्या एका जागेवर अवलंबून नसतं. स्पीच थेरपिस्ट याचा उपयोग करून घेतात. आईशी छोट्या वाक्यांत, ‘हो-नाही’ उत्तर देता येईल असं बोला आणि उत्तराला वेळ द्या.

सीटी आधी का, याचं उत्तर सोपं आहे. झटका दोन कारणांनी येतो, गुठळी अडकून किंवा रक्तस्राव होऊन, आणि दोन्हींचे उपचार उलट आहेत. रक्तस्राव सीटीवर काही मिनिटांत दिसतो. तो नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत देता येतं. मोठ्या धमनीतली गुठळी तार घालून काढण्याची सोय असेल तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही उपयोग होतो. पण दर मिनिटाला पेशी जातात, म्हणून वाट पाहायची नाही. तोंड वाकडं झालं, हात गळाला, शब्द अडखळले की सीटी असलेलं रुग्णालय गाठायचं. चेहऱ्याची एक खूण घरीही बघता येते: कपाळाला आठ्या घालायला सांगा. कपाळाच्या वरच्या स्नायूंना दोन्ही अर्ध्या मेंदूंकडून हुकूम येतो, म्हणून झटक्यात कपाळ सहसा हलतं आणि फक्त खालचा चेहरा ओढला जातो. चेहऱ्याची नस वाटेत सुजली, म्हणजे बेल्स पाल्सी झाली, तर त्या बाजूचं कपाळही हलत नाही आणि डोळाही मिटत नाही. हा फरक डॉक्टरांना मोलाचा आहे. तुम्ही मात्र घरी निदान करत बसू नका.

मेंदूचे बाकीचे भाग थोडक्यात. लहान मेंदू कवटीत मागे, खालच्या बाजूला असतो. मेंदूतल्या एकूण सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्जांच्या आसपास या एवढ्याशा भागात आहेत. तोल, हालचालीतली अचूकता, बोलण्यातली लय हे त्याचं काम. त्याला इजा झाली की लक्षणं त्याच बाजूला दिसतात, विरुद्ध बाजूला नाही. देठातून सगळे तंतू ये-जा करतात. जाग, श्वास, हृदयाचे ठोके, गिळणं यांची केंद्रं तिथे आहेत. जागा अगदी लहान, पण तिथली थोडीशी इजाही जिवावर बेतते.

देठाच्या खाली मज्जारज्जू सुरू होतो. मोठ्या माणसात त्याची लांबी साधारण ४५ सेंटिमीटर. कण्याची नळी मात्र त्याहून बरीच लांब असते. म्हणजे मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीलाच संपतो आणि त्याच्या खाली नळीत फक्त नसांची मुळं घोड्याच्या शेपटीच्या केसांसारखी लोंबत असतात. पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो ही भीती आपल्याकडे फार खोलवर आहे. मेंदूज्वराच्या निदानाला हीच तपासणी हवी असते आणि घरचे नेमका तिलाच नकार देतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, जिथे मज्जारज्जू नसतोच. सुई आली की मुळं त्या पाण्यात बाजूला सरकतात. मेंदू-मज्जारज्जूभोवतीचं हे पाणी मोठ्या माणसात एकूण सुमारे १५० मिलिलिटर असतं आणि दिवसाला साधारण ५०० मिलिलिटर नव्याने तयार होतं. तपासणीला घेतलेलं थोडं पाणी काही तासांत भरून येतं. नंतर काही दिवस डोकं दुखू शकतं, ते खरं. सीझेरियनच्या वेळी कमरेत दिली जाणारी भूलही याच भागात देतात.

याच रचनेमुळे कमरेची गादी सरकली तर सहसा एखादं मूळ दबतं आणि एकाच पायात कळ जाते. पण मोठी गादी मधोमध सरकून ही सगळीच मुळं दाबू शकते. दोन्ही पायांत अशक्तपणा, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढ्या भागात बधिरपणा आणि लघवी अडणं, हे एकत्र दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री रुग्णालयात न्यायचं.

मज्जारज्जूतून खाली हुकूम जातात आणि वर संवेदना. गंमत अशी की दुखणं आणि गरम-थंड यांचे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लगेचच बाजू बदलतात. कंप आणि सांध्याच्या स्थितीची जाणीव मज्जारज्जूच्या मागच्या अंगाच्या तंतूंच्या जुडग्यांतून त्याच बाजूने वर चढते आणि लंबमज्जेत पोचल्यावर बाजू बदलते. म्हणून मज्जारज्जूचा अर्धाच भाग कापला गेला तर एक पाय लुळा पडतो आणि दुखण्याची जाणीव दुसऱ्याच पायाची जाते. या मागच्या जुडग्यांना व्हिटॅमिन बी १२ च्या कमतरतेची झळ लवकर लागते. तसा रुग्ण सांगतो, ‘बेसिनपाशी डोळे मिटून तोंडावर पाणी मारलं की झोक जातो.’ पायांची जाणीव कमी झालेली असते, डोळे उघडे असताना नजर तिची भरपाई करते, डोळे मिटले की तीही जाते. वडिलांना हे नक्की विचारा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतल्याने बी १२ कमी होऊ शकतं, आणि ते शाकाहारी असतील तर शक्यता आणखी वाढते. साधी रक्ततपासणी आहे, उपचार स्वस्त आहे, पण उशीर झाला तर झालेलं नुकसान पुरतं भरून येत नाही.

आता नस म्हणजे काय, ते पाहू. एका चेतापेशीला गाभा, म्हणजे पेशीचा मुख्य भाग, असतो आणि त्यातून निघालेला एक लांब तंतू. तळपायाच्या संवेदनेची पेशी कमरेच्या कण्याला लागून असलेल्या गाठीत बसलेली असते. गाभा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाही नसतो, आणि तिचा तंतू अंगठ्यापर्यंत जवळजवळ १ मीटर जातो. तंतूच्या आतल्या-बाहेरच्या विद्युतदाबात विश्रांतीच्या वेळी साधारण ७० मिलिव्होल्टचा फरक असतो. संदेश निघाला की सोडियम आत शिरतं, तो फरक क्षणभर उलटतो आणि हा बदल पुढे पुढे सरकत जातो. जाड तंतूंवर मायलिनचं आवरण असतं, त्यात ठरावीक अंतरावर फटी असतात, आणि संदेश एका फटीवरून दुसरीवर उडी घेत जातो. अशा तंतूंत वेग सेकंदाला १०० मीटरच्या वर जातो. बारीक, बिनआवरणाच्या तंतूंत तो सेकंदाला १ मीटरच्या आसपास. उंबऱ्याला ठेच लागते तेव्हा आधी टोचल्यासारखी कळ येते आणि क्षणभराने जळजळ पसरते. दोन्ही संदेश एकाच वेळी निघालेले असतात, दुसरा उशिरा पोचतो. तंतूच्या टोकाला पुढच्या पेशीपर्यंत वीज जात नाही, तिथे रसायन सुटतं. ऑटो लोव्ही या शास्त्रज्ञाने १९२१ मध्ये बेडकाच्या दोन हृदयांवर प्रयोग करून हे दाखवलं.

आवरणाचं महत्त्व महाराष्ट्राने जानेवारी २०२५ मध्ये जवळून पाहिलं. पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय हा जुलाबाचा जिवाणू सापडला. या जिवाणूशी लढायला तयार झालेली प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्या नसांवर उलटते. कुणात आवरणावर, कुणात थेट तंतूवर. पायांपासून सुरू झालेला अशक्तपणा काही दिवसांत वर चढतो, श्वासाच्या स्नायूंपर्यंतही पोचतो. वेळेवर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा बदलण्याचा उपचार आणि गरज पडल्यास व्हेंटिलेटर मिळाला तर बहुतेक रुग्ण पुन्हा चालू लागतात, कारण परिघीय नसांमध्ये दुरुस्तीची क्षमता असते. तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो. मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंना ही सवलत जवळजवळ नाही. आईची सुधारणा होते ती मुख्यतः उरलेल्या पेशींनी नवं काम उचलल्यामुळे.

आता वडिलांकडे येऊ. तंतूला लागणारी बहुतेक प्रथिनं गाभ्यात तयार होऊन टोकापर्यंत वाहून न्यावी लागतात. डायबेटिसमध्ये ही वाहतूक आणि नसांचा बारीक रक्तपुरवठा दोन्ही बिघडतात, म्हणून सगळ्यांत लांब तंतूंची टोकं आधी वाळतात. त्यामुळे सुरुवात दोन्ही पायांच्या बोटांपासून, सारखीच. बधिरपणा मोज्यासारखा वर चढत गुडघ्यापर्यंत आला की मग हातांच्या बोटांची टोकं धरली जातात. वडिलांचा त्रास अजून घोट्याच्या खालीच असेल, तर डाव्या करंगळीचा बधिरपणा या हिशेबात बसत नाही. तो दुसरा, स्वतंत्र बिघाड आहे.

करंगळी बधिर असते तेव्हा मी अनामिका तपासतो. करंगळीकडची तिची अर्धी बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची अर्धी चांगली, अशी सीमा बोटाच्या मधोमध असेल, तर बिघाड अल्नर नसेत आहे. ही नस कोपराच्या आतल्या हाडामागून जाते. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात त्या हिच्याच. बधिरपणा मनगटाशी थांबत असेल तर संशय कोपरावर. मनगटाच्या वर, कोपरापर्यंतच्या हाताच्या आतल्या अंगालाही चढत असेल तर मानेतल्या मुळाचा विचार करायचा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर असती आणि रात्री झिणझिण्यांनी जाग येत असती तर मनगटातली मीडियन नस दबल्याचं मी म्हटलं असतं. डायबेटिसने आधीच नाजूक झालेल्या नसा अशा चिंचोळ्या जागी लवकर दबतात.

आपल्या देशात कोपरापाशी आणखी एक गोष्ट बघितल्याशिवाय तपासणी पुरी होत नाही: नस दोरीसारखी जाड लागते का. कुष्ठरोगाच्या जिवाणूला शरीरातल्या थंड जागा मानवतात, आणि त्वचेखालून जाणारी ही नस तशी जागा आहे. अंगावर फिकट, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का, तेही पाहावं. बोटं झडतात ती जिवाणू खातो म्हणून नव्हे, तर दुखणं कळत नसल्याने झालेल्या जखमांमुळे, हे तामिळनाडूतल्या वेल्लोरला सर्जन पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं. हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. त्याचं नाव काढायला घाबरण्याचं काही कारण नाही.

मग मानेचा एमआरआय सांगणारे डॉक्टर चुकले का? तसं मी म्हणणार नाही. मानेत मज्जारज्जू दबला तर हात आणि दोन्ही पाय एकत्र बिघडू शकतात. पण त्या वेळी चित्र वेगळं असतं: पाय ढिले नसून ताठर, शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, लघवीची घाई होते, गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जोरात उडतो, तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जातो. ही शेवटची खूण फ्रान्समधल्या बाबिन्स्की या डॉक्टरने १८९६ मध्ये सांगितली. नसेच्या बिघाडात उलट असतं, घोट्यामागे हातोडी मारल्यावर पावलाची येणारी उडी मंदावते किंवा जाते. वडिलांची ही तपासणी कुणी केली आहे का, हे आधी विचारा. साठीनंतर मानेच्या एमआरआयमध्ये गादी थोडी फुगलेली अनेकांना दिसते, काहीही त्रास नसला तरी. लक्षणांशी जुळत नसलेल्या रिपोर्टवर उपचार करू नयेत. एनसीव्ही नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजते, त्यामुळे कोपरासाठी ती योग्य तपासणी आहे. मात्र ती फक्त जाड तंतू मोजते. तळपायांची आग बारीक तंतूंची असते, म्हणून तिथला रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्रास खोटा ठरत नाही.

आणखी एक शाखा वडिलांच्या बाबतीत विसरता येणार नाही. आपल्या इच्छेविना चालणारी स्वायत्त मज्जासंस्था रक्तदाब, घाम, आतडी, मूत्राशय, हृदयाची गती सांभाळते. तिचेही तंतू बारीकच. उठल्यावर अंधारी येते का, थोडं खाल्लं तरी पोट गच्च वाटतं का, हे विचारा. रक्तदाब झोपून आणि मग उभं राहून मोजायला सांगा. अशा रुग्णांना हार्ट अटॅकमध्येही छातीत दुखेलच असं नाही. नुसता दम लागला, घाम सुटला तरी ईसीजी काढावा.

पायातून चप्पल निसटून मागे राहते आणि कळत नाही, असं वडील म्हणत असतील तर संरक्षक संवेदना गेली आहे. मग घरातही अनवाणी फिरू नये, पाय शेकू नयेत, गरम पाणी आधी कोपराने किंवा दुसऱ्या कुणी पाहावं, आणि रोज रात्री कुणीतरी तळवे उजेडात बघावेत. बी १२ आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) या तपासण्या याच आठवड्यात करून घ्या. आग कमी करायची चांगली औषधं आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्री सुरू करता येतात.

कोपरासाठी: खुर्चीच्या हातावर किंवा गाडीच्या दरवाज्यावर कोपर टेकणं बंद, फोन कानाला धरून हात दुमडून बसणं बंद, आणि झोपताना कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळायचा, म्हणजे हात पूर्ण दुमडला जाणार नाही. सहा-आठ आठवड्यांत फरक पडला नाही तर पुन्हा दाखवा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला हाताच्या पाठीकडचा मांसल भाग खोलगट दिसू लागला असेल, किंवा त्या दोन बोटांत धरलेला कागद सहज ओढून घेता येत असेल, तर आठ आठवडे थांबू नका. कोपरापासून हातापर्यंतचं अंतर तंतूला दिवसाला १ मिलिमीटरच्या वेगाने पार करायचं असतं, त्यामुळे नस मोकळी करायची की नाही, हा निर्णय स्नायू वाळण्याआधीच सर्जनसोबत बसून घ्यावा लागतो.